पाहणाऱ्याचे कर्तृत्व
रेक्याविक येथील सीसीपी या कंपनीने २००३ साली आणलेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळयुद्धाच्या खेळातील खेळाडू एकमेकांना दोन प्रकारची चित्रे दाखवतात : स्वतः रेखाटलेली आणि पडद्यावरून टिपलेली, म्हणजे स्क्रीनशॉट. पहिलीला निर्मिती म्हटले जाते, दुसरीला नक्कल. हा भेद तपासून पाहिला पाहिजे.

जानेवारी २०१४ मध्ये या खेळातील ‘बी-आर५आरबी’ या सूर्यमालेत सुमारे २१ तास लढाई चालली. ७५ ‘टायटन’ जहाजे नष्ट झाली. अशा गर्दीत खेळातील काळ मूळ गतीच्या एक-दशांशापर्यंत मंदावतो. लढणारा बहुधा बारीक खुणा आणि नावांच्या याद्या पाहून लढतो. जहाजांचे रूप त्याच्या दृष्टीआड राहते. ते पाहायचे तर खुणा लपवून, कोन निवडून, क्षणभर लढाईबाहेर यावे लागते. म्हणजे स्क्रीनशॉट ही अनुभवाची नक्कल नव्हे; अनुभवापासून जाणीवपूर्वक घेतलेले ते अंतर आहे.

जहाजाचा आकार कंपनीच्या चित्रकारांचा, हे खरे. परंतु त्याच्या विनाशाला आलेला अर्थ खेळाडूंनी घडवला आहे. संहितेच्या अर्थनिर्मितीत वाचकाचा वाटा मान्य करणाऱ्या समीक्षेला येथे टिपणारा निव्वळ साक्षीदार कसा ठरवता येईल?