श्रद्धा, इतिहास आणि प्रेमकथा : मराठी ख्रिस्ती कादंबरीची अपुरी वाट आणि नंदुरबारची भूमी

ख्रिस्ती श्रद्धेच्या अधिष्ठानावर लिहिल्या जाणाऱ्या ऐतिहासिक प्रेमकादंबरीला तीन मागण्या एकाच वेळी पुऱ्या कराव्या लागतात : तिच्यातील काळाचे चित्रण पुराव्याशी इमान राखणारे असावे लागते, स्त्री-पुरुषांच्या प्रेमाची वाटचाल हा तिच्या कथानकाचा कणा असावा लागतो, आणि पात्रांचे देवाशी असलेले नाते त्या प्रेमाला वळण देणारे असावे लागते. तिसरी मागणी सर्वांत अवघड आहे, कारण कथेत चर्च, प्रार्थना आणि पाळक आले म्हणजे ती पुरी होत नाही. श्रद्धा काढून टाकली तर प्रेमकथाच कोसळेल, इतकी ती कथानकात मुरलेली असावी लागते. मराठीत ख्रिस्ती वाङ्मयाची परंपरा चार शतकांची आहे, ऐतिहासिक कादंबरी लोकप्रिय आहे आणि प्रेमकथेला वाचकांची कधीच वाण नव्हती. तरीही या तिन्हींचा संगम घडवणारा कादंबरीप्रकार मराठीत रुजला नाही. ज्या ठिकाणी ख्रिस्ती कादंबरीने श्रद्धेला कथानकाच्या शेवटी मिळणारे बक्षीस मानले, त्या ठिकाणी प्रेमकथा दुबळी झाली, हे त्याचे मुख्य कारण आहे. त्यावरील उत्तर मराठीत आत्मचरित्राने फार पूर्वी देऊन ठेवले आहे, आणि ते उत्तर कादंबरीत उतरवण्यास नंदुरबार जिल्ह्याइतकी अनुकूल भूमी महाराष्ट्रात क्वचितच असेल.

या परंपरेचा आरंभ पद्याने झाला. इंग्लंडमधून गोव्यात आलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलमधील कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत गुंफली आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. पुराणाची चौकट आणि ओवीचा छंद इथल्या मातीतून घेऊन त्यांनी परका वाटणारा आशय घरचा केला. गद्यकथेकडे वळण मिळाले ते १८४१ साली, हरी केशवजी यांनी जॉन बन्यन यांच्या प्रसिद्ध रूपककथेचा ‘यात्रिकक्रमण’ हा अनुवाद केला तेव्हा. रूपककथेत पात्रे ही गुणदोषांची मूर्त रूपे असतात, त्यांना व्यक्तिगत भूतकाळ नसतो आणि त्यांचा प्रवास ठरलेल्या मुक्कामाकडेच होत असतो. या घडणीचा ठसा पुढच्या मराठी ख्रिस्ती कथनावर दीर्घकाळ राहिला.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते, आणि तिचा विषय, मांडणी व हेतू या तिन्ही बाबतींत ती ख्रिस्ती कादंबरी आहे. यमुना आणि विनायक हे जोडपे प्रवासाला निघते, ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहते आणि ऐकते, पुढे विनायकाच्या मृत्यूनंतर यमुनेवरच वैधव्य ओढवते, आणि अखेरीस ती ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते. केशवपन, सासुरवास आणि आर्थिक परावलंबन यांचे तिच्यातील चित्रण त्या काळाच्या मानाने असामान्य धाडसाचे आहे, आणि पतिपत्नींनी एकत्र वाचावे, चर्चा करावी, एकमेकांच्या विवेकाचा मान राखावा ही सहजीवनाची कल्पना तर त्याहून नवी आहे. मात्र या दोघांचे नाते कसोटीला लागत नाही. दोघांचे विचार आरंभापासून जुळलेले आहेत, शंका घेणारे सगळे बाहेरचे आहेत, आणि यमुनेच्या श्रद्धेला जी किंमत मोजावी लागते ती समाज वसूल करतो, प्रेम वसूल करीत नाही. त्यामुळे दुसरा विवाह हा तिच्या मनाच्या उलघालीतून निघालेला निर्णय वाटण्याऐवजी सिद्धान्ताचा निष्कर्ष वाटतो. सामाजिक दस्तऐवज म्हणून या ग्रंथाची थोरवी निर्विवाद आहे. प्रेमकथेचा आदर्श म्हणून तो अपुरा पडतो.

मराठी ऐतिहासिक कादंबरीचा ओघ या प्रवाहापासून अलग वाहिला. रा. भि. गुंजीकर यांच्या ‘मोचनगड’ (१८७१) पासून हरि नारायण आपटे यांच्या ‘उषःकाल’पर्यंत आणि तेथून पुढेही शिवकाल व पेशवाई हाच तिचा मुख्य प्रदेश राहिला. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ने (१९६२) माधवराव आणि रमाबाई यांच्या दांपत्यप्रेमाला राजकारणाइतकेच वजन दिले, आणि ना. सं. इनामदार यांच्या ‘राऊ’ने बाजीराव-मस्तानीच्या प्रेमात धर्मभेदाची भिंत उभी करून दाखवली. ऐतिहासिक कथेत प्रेम आणि धर्म यांची टक्कर मराठी वाचक तन्मयतेने वाचतो, याचा हा पुरावा आहे. परंतु या कादंबऱ्यांचा इतिहास गडांचा आणि दरबारांचा होता. मिशनच्या शाळेत, दुष्काळी छावणीत किंवा डोंगरातील पाड्यावर घडलेला इतिहास त्यांच्या कक्षेत सहसा आला नाही.

या दोन प्रवाहांमधील अंतर सांधणारी पहिली कृती महाराष्ट्राच्या मातीतली असली तरी मराठीत लिहिली गेली नाही. अहमदनगरला १८६२ साली जन्मलेल्या कृपाबाई सत्यनाथन यांची ‘सगुणा’ ही इंग्रजी आत्मचरित्रात्मक कादंबरी १८८७-८८ मध्ये मद्रासच्या एका मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या पूर्वार्धात नायिकेच्या आईवडिलांची, म्हणजे ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या पहिल्या पिढीची कथा आहे. नवऱ्याचे धर्मांतर आणि त्याच्यामागून नव्या जगात ओढल्या गेलेल्या बायकोची भीती, राग व सावकाश उमलणारा विश्वास यांकडे कृपाबाई मुलीच्या नजरेने पाहतात, आणि एका पिढीचे अंतर आल्यामुळे त्या कथनाला ऐतिहासिकतेचा स्पर्श होतो.

तरीही या प्रकाराचा खरा मानदंड म्हणजे लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांची १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेली आत्मकथा ‘स्मृतिचित्रे’. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्मांतरामुळे सोडून गेलेल्या जोडीदारापासून न्यायालयामार्फत विवाहविच्छेद मिळवण्याची वाट १८६६ च्या कायद्याने धर्मांतरितांना खुली केली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या दोघांनी परस्परांची वाट पाहण्याला केवढा अर्थ आहे हे उमगते. या ग्रंथात श्रद्धा आधी प्रेमाच्या आड येते, दोघांना दूर लोटते, सोवळ्याओवळ्याच्या सवयींशी, नातलगांच्या दबावाशी आणि स्वतःच्या हट्टाशी झगडायला लावते, आणि मगच त्या प्रेमाला नवे रूप देते. टिळकांचा विक्षिप्तपणा लक्ष्मीबाई झाकत नाहीत, स्वतःचा संतापही लपवत नाहीत. म्हणूनच त्यांची श्रद्धा विश्वसनीय ठरते. श्रद्धा ही संघर्षाच्या शेवटी येण्याऐवजी संघर्षाच्या पोटात असावी, हे कादंबरीकाराला हवे असलेले सूत्र मराठीत येथे सिद्ध झाले आहे. ख्रिस्ती कादंबरीने मात्र यमुनेचा वारसा सांगितला आणि लक्ष्मीबाईंचा वारसा आत्मचरित्राच्या खात्यात टाकून दिला.

जागतिक वाङ्मयात हा प्रकार पुष्कळ पुढे गेला आहे. पोलिश लेखक हेन्रिक सिएन्कीविच यांच्या ‘क्वो वादिस’ने (१८९६) नीरोच्या रोममधील एका रोमन अधिकाऱ्याच्या ख्रिस्ती युवतीवरील प्रेमाला छळाच्या इतिहासाची पार्श्वभूमी दिली. उत्तर अमेरिकेत कॅथरिन मार्शल यांच्या ‘ख्रिस्टी’त (१९६७) अॅपलाचियन डोंगरांतील मिशन शाळेत आलेली तरुण शिक्षिका नायिका आहे, जॅनेट ओक यांच्या १९७९ च्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’त निरुपायाने झालेल्या लग्नानंतर प्रेम उगवते, आणि फ्रान्सिन रिव्हर्स यांच्या ‘रिडीमिंग लव्ह’मध्ये (१९९१) होशेय संदेष्ट्याची बायबलमधील कथा कॅलिफोर्नियातील सोन्याच्या धावपळीच्या काळात नेलेली आहे. या यशातून तेथे स्वतंत्र वाचकवर्ग आणि प्रकाशनव्यवसाय उभा राहिला, पण त्याबरोबर ठोकळेबाजपणाही आला : प्रेम शरीरापासून जपून ठेवायचे, शंका ठराविक प्रकरणात निवारायची, आणि नायकाचे अंतःकरण वेळेवर बदलायचे. मराठी लेखकाने हा साचा उचलला तर आणखी एक अडचण निर्माण होते. तेथील नायिका बहुधा एकटी निर्णय घेते, तर महाराष्ट्रात, विशेषतः आदिवासी समाजात, लग्न दोन कुळांचे असते, आणि धर्मांतरही अनेकदा कुटुंबाचे, पाड्याचे किंवा भाऊबंदकीचे असते.

नंदुरबारची भूमी या संदर्भात पाहावी लागते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सातपुडा, तापी आणि नर्मदा यांच्या प्रदेशात वसलेला असून भिल्ल, पावरा, मावची, कोकणा आदी आदिवासी समाज येथे बहुसंख्य आहेत. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली आला, १८२५ साली भिल्लांची पलटण उभारली गेली, आणि १८९९-१९०० च्या छप्पन्नाच्या दुष्काळाने, म्हणजे विक्रम संवत १९५६ च्या महादुष्काळाने, पश्चिम भारतातील गावेच्या गावे उद्ध्वस्त केली. १८९० साली फ्रेडरिक फ्रान्सन यांनी अमेरिकेत स्थापन केलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे काम पुढे पश्चिम खानदेशात आले. नवापूर तालुक्यात ख्रिस्ती मंडळ्या वाढल्या, आणि चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय आजही रुग्णसेवा करीत आहे. त्याच प्रदेशात १९३८ च्या सुमारास तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी दारू सोडण्याचा, स्वच्छतेचा आणि सामूहिक आरतीचा संदेश देऊन हजारो आदिवासींना एकत्र आणले. माणसाने माणसाला ‘आप’ म्हणून मानाने हाक मारावी, हा त्या चळवळीचा गाभा होता. एका बाजूला मिशनचा पाळक आणि दुसऱ्या बाजूला आप चळवळीचा अनुयायी, दोघेही दारू सोडायला सांगणारे, दोघेही आपल्या लोकांची मान ताठ व्हावी म्हणून झटणारे, पण दोघांचे देव वेगळे : अशा दोन घरांतील तरुण-तरुणींच्या प्रेमात खलपात्राची गरजच उरत नाही. दोन्ही बाजू चांगल्या असताना निवड करावी लागणे, हीच श्रद्धाप्रेरित प्रेमकथेची सर्वोच्च कसोटी होय.

प्रेम आणि विवाह यांचे तपशील येथे विशेष काळजीने हाताळावे लागतात. आदिवासी समाजांत वराकडून वधूच्या घरी देज दिले जाते. त्यात वधूच्या श्रमाची आणि तिच्या घराची कदर असते, आणि ती खरेदी-विक्री समजणारे बाहेरचे लोक चुकतात. मिशनच्या शिस्तीत देज, मोहाची दारू आणि होळीचा नाच या तिन्हींबद्दल प्रश्न उभे राहणे अटळ होते. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने सामान्यतः सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळेतच विवाहविधी करण्याचे बंधन घातले. रात्रभर ढोलाच्या तालावर चालणाऱ्या लग्नाशी या घड्याळी विधीची तुलना केली, तर दोन संस्कृतींमधील अंतर एका प्रसंगात सामावते. होळीपूर्वीचा भोंगऱ्या बाजार किंवा अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी यांचा वापर करताना लेखकाने आणखी जपायला हवे, कारण भोंगऱ्याला ‘प्रेमाचा बाजार’ म्हणून रंगवण्याची बाहेरच्यांची हौस जुनी आहे, तर त्या बाजाराला येणाऱ्यांसाठी तो मुळात होळीच्या खरेदीचा आणि गाठीभेटींचा दिवस असतो. याहामोगी किंवा देवमोगरा मातेवरील भक्तीही अंधाराचे प्रतीक म्हणून येता कामा नये. ज्या श्रद्धेचा त्याग करताना पात्राला काहीच गमवावे लागत नाही, तिच्या त्यागाला कथेत मोल राहत नाही.

भाषेचा प्रश्न तितकाच गंभीर आहे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांची तारण, कृपा, पश्चात्ताप, सुवार्ता, मंडळी अशी एक घडलेली परिभाषा आहे. ती बायबलच्या भाषांतरांतून आणि उपासनेतून आली, आणि विश्वासी वाचकाला ती श्वासासारखी सहज वाटते. परंतु नवापूर परिसरातील पात्रे घरात मावची किंवा देहवाली बोलतील, बाजारात अहिराणी व गुजराती ऐकतील आणि मराठी शाळेत व उपासनेत भेटेल. मावचीत नव्या कराराचा अनुवाद झालेला असल्याने श्रद्धेचे शब्द त्या बोलीतही आता उपलब्ध आहेत. प्रेमाची कबुली बोलीत आणि प्रार्थना मराठीत, असा भेद जर लेखकाने जाणीवपूर्वक ठेवला आणि मग एखादे पात्र पहिल्यांदाच आपल्या बोलीत प्रार्थना करताना दाखवले, तर श्रद्धा आपलीशी होण्याची घटना निवेदकाच्या एका शब्दाविना वाचकापर्यंत पोहोचेल. शहाद्याचे कवी वाहरू सोनवणे यांनी ‘गोधड’ (१९८७) या संग्रहातून भिल्ली बोली आणि मराठी यांना शेजारी बसवून दाखवले आहे. कादंबरीला तो धडा घेण्यासारखा आहे.

मंडळीत रूढ असलेला ‘साक्ष’ हा कथनप्रकारही येथे विचारात घ्यावा लागतो. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले याचे मंडळीसमोर केलेले निवेदन. त्या निवेदनाचे पूर्वीचे जीवन आणि नंतरचे जीवन असे दोन भाग पडतात. ख्रिस्ती लेखकाच्या कानात हा घाट लहानपणापासून बसलेला असतो, आणि त्याची प्रामाणिकता हे त्याचे बळ आहे. कादंबरीला मात्र ‘नंतर’च्या पुढचे वर्ष, लग्नानंतरचा अबोला, मूल दगावल्यावर न येणारी प्रार्थना आणि मिशनऱ्याच्या चुकीने दुखावलेले मन यांचीही नोंद घ्यावी लागते. पंडिता रमाबाईंपासून वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी २०२० साली उस्मानाबादला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवण्यापर्यंत मराठी ख्रिस्ती लेखनाने मजल मारली ती भाषांतर, चिंतन, कविता आणि आत्मकथन यांच्या बळावर. अशा ऐतिहासिक प्रेमकादंबरीचे खाते अजून रिकामेच वाटते.

ते भरण्यासाठी लागणारी साधने हाताशी आहेत. १८८० चे खानदेश गॅझेटियर, मिशनांचे वार्षिक अहवाल, १८४२ पासून निघत आलेल्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचे अंक, मंडळ्यांच्या बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदवह्या आणि वृद्धांच्या आठवणी यांतून त्या काळाचे दैनंदिन जीवन उभे करता येते. त्यांतील मिशनरी अहवाल देणगीदारांसाठी लिहिलेले असल्याने त्यांत विजयाचा सूर मोठा असतो आणि गॅझेटियर राज्यकर्त्यांच्या गरजेने लिहिलेले असल्याने त्यात माणसे जातींच्या वर्णनात हरवतात; म्हणून या दोन्हींना नोंदवह्यांतील नावे आणि आजीआजोबांच्या आठवणी यांनी छेद देणे हे कादंबरीकाराचे पहिले काम ठरते. श्रद्धेने मार्गदर्शित लेखन म्हणजे निष्कर्ष आधी ठरवून केलेले लेखन, असा गैरसमज विश्वासी आणि अविश्वासी दोन्ही वाचकांत आढळतो. वस्तुतः ज्या लेखकाचा देवाच्या सत्यावर विश्वास आहे, त्याला इतिहासातील कोणत्याही सत्याची भीती बाळगण्याचे कारण नसते, आणि प्रेमाची परीक्षा कथेत पूर्ण होऊ देण्याचे धैर्य त्याच विश्वासातून यायला हवे. असे धैर्य दाखवणारी कादंबरी नंदुरबारच्या ख्रिस्ती घरांतून मराठीत आली, तर लक्ष्मीबाईंच्या वारशाला कादंबरीतला हक्काचा वारस लाभेल.