'ब्लॉकबस्टर' : निकाल कोणी द्यावयाचा?

चित्रपट अजून पडद्यावर यावयाचा असतो. पण त्याच्या जाहिरातीवर 'ब्लॉकबस्टर' अशी मोहोर उमटलेली असते. लग्नाआधीच बारशाचे पेढे वाटावेत, तसा हा प्रकार! शब्द इंग्रजी आहे, ही माझी तक्रार नव्हे. 'हाउसफुल्ल'ही इंग्रजीच, पण ती पाटी तिकिटे संपल्यावरच लागते. 'ब्लॉकबस्टर' मात्र प्रेक्षकाच्या आधी निकाल देऊन मोकळा होतो.

या शब्दाचे मूळ युद्धात आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलाने ४००० पौंडांचे, पुढे त्याहूनही जड बाँब जर्मन शहरांवर टाकले. घरांची अख्खी आळी भुईसपाट करणारा तो 'ब्लॉकबस्टर', असे वर्तमानपत्रांनी म्हटले. युद्ध चालू असतानाच, १९४३ साली, अमेरिकेतील चित्रपटांच्या जाहिरातदारांनी तो शब्द उचलला. तेव्हा त्याला जाहिरातीची सवय आहे ती अगदी बाळपणापासूनची.

आपल्याकडे यश मोजण्याची रीत निराळी होती. पंचवीस आठवड्यांचा रौप्यमहोत्सव, पन्नासांचा सुवर्णमहोत्सव. 'प्रभात'चा 'संत तुकाराम' (१९३६) मुंबईत एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका'ने (१९५९) पुण्याच्या 'विजयानंद'मध्ये सव्वाशेहून अधिक आठवडे मुक्काम ठोकला. नाटकाचा हिशेब प्रयोगांवर. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने पाच हजारांचा आकडा ओलांडला. कोणत्याही निर्मात्याला चोविसाव्या आठवड्यात 'रौप्यमहोत्सवी' म्हणवून घेता येत नसे. तो मान प्रेक्षकांनी द्यावयाचा होता.

याचा अर्थ जुने ते सारे सोने, असा नव्हे. पूर्वी चित्रपट मोजक्या चित्रगृहांत लागे. म्हणून आठवडे लांबत. आज तो एकाच शुक्रवारी शेकडो पडद्यांवर झळकतो. त्याला आठवड्यांची फूटपट्टी लावणे अन्यायाचे होईल. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने (२०१६) मराठीत १०० कोटींची भाषा आणली, ती लोकांच्या खऱ्या प्रेमावर. पण कोटींच्या आकड्यात तिकिटाचा दरही दडलेला असतो. पाचशे रुपयांचे एक तिकीट आणि शंभराची पाच, गल्ल्याला दोन्ही सारखीच. माणसे मात्र एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी पाच.

हा भेद मराठीला ठाऊक होता. आपल्याकडे 'लोकप्रिय' हा शब्द आहे आणि 'गल्लाभरू' हाही आहे. पहिल्यात लोक मोजले जातात, दुसऱ्यात पैसा; आणि दुसरा उच्चारताना टीकाकाराचे नाक किंचित मुरडते. 'ब्लॉकबस्टर'ने ही दोन्ही खाती एक करून टाकली.

आमच्या कामोठ्यात एका विद्यार्थ्याने निबंधात लिहिले, "शाळेचे स्नेहसंमेलन ब्लॉकबस्टर झाले." मी तो शब्द खोडला नाही, समासात एवढेच विचारले, "म्हणजे काय झाले?" त्याने खाली लिहून आणले : मागे उभ्या राहिलेल्या आया शेवटपर्यंत हलल्या नाहीत, आणि नाटुकले संपल्यावर लहान मुलांनी ते पुन्हा करावयास लावले. त्या दोन ओळींत जे कळले, ते त्या भल्यामोठ्या शब्दात नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत वाचक सहकुटुंब नाटक-सिनेमाला जातीलच, अवश्य जावे. परतताना मात्र जाहिरातीतला शब्द घरी आणू नये. मुलांना विचारावे, "काय आवडले? पुन्हा पाहशील का?" निकाल तिथे लागू द्यावा.