लढत आणि गोष्ट : ऑनलाइन गेमच्या संहितेविषयी

इ.स. २००० मध्ये ब्रिटानिया या देशाची फाळणी झाली. देश काल्पनिक, पण त्यात वावरणारी माणसे खरी होती. ती जगभरातल्या घरांतून संगणकासमोर बसून, सप्टेंबर १९९७ मध्ये सुरू झालेला ‘अल्टिमा ऑनलाइन’ हा गेम खेळत होती. फाळणी म्हणजे त्या देशाची हुबेहूब दुसरी प्रत काढणे. एकीला नाव दिले फेलुका, दुसरीला ट्रामेल. ब्रिटानियाच्या आकाशातल्या दोन चंद्रांची ही नावे. फेलुकात पूर्वीप्रमाणेच कोणीही कोणालाही गाठून मारू शकत असे. ट्रामेलमध्ये समोरच्याची संमती नसेल तर हात उगारता येत नव्हता. फेलुकातली झाडे वठलेली दाखवली आणि जागोजाग थडगी उभी केली. लोक घरेदारे घेऊन ट्रामेलला निघून गेले.

हा प्रसंग एका गेमच्या इतिहासापुरता वाटेल. पण त्यामागे साहित्याच्या अभ्यासकाला ओळखीचा पेच आहे. रिचर्ड गॅरियट याने या मालिकेतला चौथा गेम १९८५ मध्ये केला तेव्हा तो एकट्याने खेळायचा होता. त्यात शेवटी मारायला कोणी खलनायक नव्हता. करुणा, न्याय, नम्रता अशा आठ सद्गुणांची साधना, हेच त्याचे कथानक. बारा वर्षांनी त्याच सद्गुणांच्या भूमीत एकाच वेळी हजारो माणसे सोडली, आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती वाटमारी. गेमची चाचणी चालू असतानाच, ऑगस्ट १९९७ मध्ये, खुद्द गॅरियटने धारण केलेला राजा लॉर्ड ब्रिटिश एका खेळाडूने पेटवलेल्या आगीत मेला. पिरांदेल्लोची सहा पात्रे लेखकाच्या शोधात निघाली होती. इथल्या पात्रांना लेखक नकोच होता.

खेळाडूंची आपसातली लढत आणि निर्मात्याने रचलेली गोष्ट यांचे प्रमाण किती असावे, हा वाद तेव्हापासून चालू आहे. खरे तर त्याच्या आधीपासून. इसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ मध्ये नुसत्या शब्दांचा, चित्रे नसलेला असा सामायिक गेम रचला होता. त्या अनुभवावर बार्टलने १९९६ मध्ये जो निबंध लिहिला तो या क्षेत्रात आजही वाचला जातो. पत्त्यांच्या चार रंगांवरून त्याने खेळाडूंचे चार प्रकार कल्पिले : मिळवणारे चौकट, धुंडाळणारे इस्पिक, माणसे जोडणारे बदाम आणि दुसऱ्यावर तुटून पडणारे किलवर. किलवर फार वाढले की बदाम निघून जातात. आणि बदाम गेले की किलवरांना मारायला उरत नाही. निरीक्षण अचूक आहे. पण ते लोकसंख्येचे गणित आहे. गोष्टीला त्यात जागा नाही. पुढच्या निर्मात्यांनी हेच गणित हाती घेतले आणि प्रश्न तराजूचा करून टाकला, इतके माप लढतीचे, इतके कथेचे.

नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चे उत्तर असे. जगात दोन पक्ष, त्यांचे पिढीजात वैर, आणि लढायला वेगळी मैदाने. अल्टेरॅक व्हॅली नावाचे एक मैदान सुरुवातीला इतके लांबत असे की लोक लढता लढता झोपायला जात आणि परत आल्यावर तीच लढाई चालू असे. पुढे ती आटोपशीर केली गेली. पण लांब असो वा आखूड, ती दरी आजवर कोणीही जिंकलेली नाही. लढाई संपली की दरी पुन्हा जशीच्या तशी, मेलेले सेनापती जिवंत. उलट टोकाला २०१३ मध्ये नव्याने उभा केलेला ‘फायनल फँटसी १४’. त्यात मुख्य कथा क्रमाने पुरी केल्याशिवाय पुढचे प्रदेश उघडत नाहीत. खेळाडूंच्या झुंजीसाठी बाजूला एक आखाडा आहे. हौस असेल त्याने जावे. माझ्या मते कथा म्हणून हा गेम वॉरक्राफ्टपेक्षा उजवा आहे. पण त्याने प्रश्न सोडवला नाही, तो अंगणाबाहेर ठेवला. दोन्हीकडे अडचण एकच : हरण्याला अर्थ नाही. जिथे हरणाऱ्याचे काही जात नाही तिथे गोष्ट सुरू व्हायला जागाच नसते.

आपल्या वाचकाला कुरुक्षेत्र आठवणे स्वाभाविक आहे. भीष्मपर्वाच्या आरंभी दोन्ही पक्ष नियम ठरवतात. रथीने रथीशी लढावे, पळणाऱ्याला, शस्त्र टाकलेल्याला मारू नये. आजच्या भाषेत ही खेळाडूंमधल्या लढतीची नियमावलीच. आणि महाभारताचे युद्धकथन आपल्या स्मरणात कशाने राहते? अभिमन्यूला अनेकांनी मिळून मारले, कर्णाचे चाक रुतलेले असताना बाण सुटला, दुर्योधनाच्या मांडीवर गदा पडली. प्रत्येक ठिकाणी नियम मोडला आहे. सौप्तिकपर्वात तर अश्वत्थामा झोपलेल्यांच्या छावणीत शिरतो. फेलुकातला वाटमाऱ्या हा अश्वत्थाम्याचाच वंशज, असे म्हणण्याचा मोह होतो. फरक असा की अश्वत्थाम्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला गेला आणि भळभळती जखम घेऊन तो हिंडत राहिला. आपल्याकडच्या लोककथांत तो अजून तेल मागतो. ‘अल्टिमा’ने शिक्षेचा प्रयत्न केला होता, पाच खून नोंदले गेले की खुन्याचे नाव सर्वांना लाल दिसे आणि शहरात पाऊल टाकताच पहारेकरी त्याला संपवत. पण लाल नाव हा काही जणांना किताबच वाटला. एक अश्वत्थामा असला की पर्व होते, रात्रीला हजार झाले की नुसता उपद्रव. निर्मात्यांनी उपद्रव थांबवला हे मला पटते. त्यासाठी त्यांनी हानीच रद्द केली, हे पटत नाही.

हानी रद्द न करता चाललेले एक उदाहरण आहे. आइसलंडच्या सीसीपी कंपनीने २००३ मध्ये ‘इव्ह ऑनलाइन’ हा अवकाशातला गेम सुरू केला. त्यात नष्ट झालेले जहाज परत मिळत नाही. जानेवारी २०१४ मध्ये एका गटाकडून एका तारामंडलाच्या ताब्याचा हप्ता भरायचा राहिला, आणि त्यावरून एकवीस तास लढाई पेटली. ‘टायटन’ नावाची पंचाहत्तर महाकाय जहाजे त्यात गेली. एकेक बांधायला महिनोन्‌महिने लागलेले. निर्मात्यांनी पुढे त्या ठिकाणी भग्न जहाजांचे स्मारक कायमचे ठेवले. हे कथानक कोणी लिहिले नव्हते, आणि थकलेल्या हप्त्यावरून युद्ध हे एखाद्या कादंबरीकाराने लिहिले असते तर संपादकाने खोडले असते. पण ‘इव्ह’चे हे यश बखरीचे आहे. शेकडो माणसांची संघटना, हिशेब, हेर, फितुरी. एकट्या माणसाच्या मनाचे त्यात फारसे काही घडत नाही. शिवाय हा गेम खेळायला जी फुरसत आणि जो संगणक लागतो तो फार थोड्यांकडे असतो.

आपल्याकडे हा सगळा टप्पा गाळूनच गेम आले. राळेगावसारख्या तालुक्याच्या गावात संगणकावरचे असे गेम रुजायला ना वीज धड होती ना इंटरनेट. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि थेट मोबाईलवर ‘पब्जी’ उतरला. त्यावर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये तो ‘बीजीएमआय’ या नावाने परतला. शंभर जण विमानातून एका बेटावर उड्या टाकतात, शेवटी एक तुकडी उरते. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी कुठल्याही पारावर ‘मले नॉक केलं बे, वाचव!’ ही हाक ऐकू येते. त्या पोरांना पोचिंकी या गावातले कुठले घर कुठे हे बिनचूक ठाऊक असते. ते बेट ओसाड का पडले, हे त्यांतला कोणी विचारत नाही, आणि गेमलाही त्यांनी विचारावे अशी इच्छा नाही. इथे तराजूचे एक पारडे मोकळेच आहे.

उलटा प्रयोगही झाला. बंगळुरूच्या एन-कोअर कंपनीने २६ जानेवारी २०२१ रोजी ‘फौ-जी’ आणला तो गलवानच्या पार्श्वभूमीवरची कथा घेऊन, खेळाडूंच्या आपसातल्या लढतीशिवाय. पोरांनी तो उतरवून घेतला आणि लवकरच बाजूला ठेवला. कथा सरळसोट होती, शत्रू ठोकळे होते. पण मुख्य तक्रार वेगळी होती : ‘मित्रांसंगं खेळता येत नाही.’ या तक्रारीला आपण समीक्षकांनी उथळ समजू नये. समोर खरा माणूस आहे, तो काय करील हे सांगता येत नाही, ही जाणीव स्वतःच एक नाट्य आहे.

आणि हे नाट्य आपल्या परंपरेला नवे नाही. कलगी-तुरा आठवावा. शक्तीचा पक्ष कलगीवाल्यांचा, शिवाचा तुरेवाल्यांचा. एक शाहीर सवाल टाकतो, दुसऱ्याने त्याच रात्री, त्याच चालीत जवाब द्यायचा. ही रोकडी, अनिश्चित, माणसाविरुद्ध माणसाची लढत आहे. हरलेल्याचा डफ काढून घेण्याची रीत सांगतात. पण सवाल कशाचा बनलेला असतो? पुराणातल्या एखाद्या आडवळणाच्या कथेचा, तिच्यातल्या विसंगतीचा, कोणाचा बाप कोण आणि कोण कोणाआधी जन्मले या भेदाचा. ज्याला गोष्टी ठाऊक नाहीत त्याच्या हाती शस्त्रच नाही. इथे कथा आणि लढत यांचे प्रमाण किती, असा प्रश्न विचारताच येत नाही, कारण कथा हाच दारूगोळा आहे. १९६४ च्या ‘सवाल माझा ऐका!’ या अनंत माने यांच्या चित्रपटाने सवाल-जवाब शहरी प्रेक्षकांपर्यंत नेले, तेही याच बळावर.

त्याहून जवळचे, याच मातीतले उदाहरण पोळ्याच्या झडत्यांचे. श्रावण अमावास्येला विदर्भातल्या गावांत सजवलेले बैल तोरणाखाली उभे राहतात, आणि तोरण तुटण्याआधी माणसे एकमेकांवर झडत्या फेकतात. एकाने कापसाच्या भावावर टाकली की दुसरा पुढाऱ्यावर टाकतो, तिसरा पहिल्याच्या बैलावर घसरतो. शेवट महादेवाच्या गजरात, हा साचा ठरलेला. बाकीचा माल ज्याचा त्याने आणायचा. पंच नसतो. कोणाची झडती लागली हे गर्दीच्या हसण्यावरून कळते. पण ती वर्षभर राहते : ज्याच्यावर लागली त्याला पुढच्या पोळ्यापर्यंत लोक तीच ऐकवतात, आणि पुढच्या पोळ्याला तो उत्तर घेऊन येतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या दरीत जे होत नाही ते इथे फुकट होते. गाव लक्षात ठेवते.

यावर आक्षेप येईल की शाहिरी ही भाषेची लढत, गेम ही हाताच्या चपळाईची. तुलना ताणलेली आहे. आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. बंदुकीच्या नेमात पुराणकथा भरता येणार नाही हे खरे. लढत कशी जिंकायची याच्या नियमात मात्र ती भरता येते, आणि याचा एक छोटासा पुरावा पुण्यातच तयार झाला आहे. सुपरगेमिंग या कंपनीचा ‘इंडस’ हा बॅटल रोयाल ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. त्यात विरलोक नावाचे तरंगते बेट आहे, लुप्त झालेली यक्षांची संस्कृती आहे, आणि कॉस्मियम या मौल्यवान द्रव्याच्या शोधात आलेले खेळाडू आहेत. यांतले बहुतेक सारे नेपथ्य आहे. कमानी, मुखवटे, कोरीवकाम पाहून डोळे सुखावतात, पण यक्ष कोण होते हे माहीत असणारा खेळाडू माहीत नसणाऱ्यापेक्षा रतिभरही चांगला लढत नाही. महाभारतातल्या यक्षाने तळ्याकाठी प्रश्न विचारले होते आणि उत्तर न देता पाणी पिणाऱ्याचा जीव घेतला होता. या यक्षांना विचारायला काही नाही.

एकच ठिकाण वेगळे आहे. मॅचच्या शेवटच्या टप्प्यात कॉस्मियम प्रकट होते, आणि ते ताब्यात घेऊन टिकवणारा खेळाडू शेवटच्या शत्रूला न मारताही जिंकतो. शंभरांतले नव्व्याण्णव मेल्याशिवाय संपायचे नाही, हा या गेमप्रकाराचा मूळ नियम इथे मोडतो, आणि तो मोडतो कथेतल्या वस्तूमुळे. ज्या द्रव्यासाठी सारे आले ते खरोखरच मारामारीपेक्षा मोठे ठरते. शेवटच्या मिनिटांत खेळाडूपुढे निवड उभी राहते : समोरच्याला मारायचे की वस्तू धरायची. वस्तू धरणारा उघडा पडतो. ही निवड फारच क्षणिक आहे, तिची नोंद पुढच्या मॅचमध्ये उरत नाही. कोणी लोभाने धरली आणि कोणी मित्राला वाचवायला सोडली हे विरलोकाला आठवत नाही. मॅच संपली की सगळे परत मुख्य पडद्यावर, कोरे. तरीही मी पाहिलेल्या भारतीय गेमांत कथा नियमात उतरल्याची ही एकमेव जागा. पुढचा प्रश्न विरलोकाच्या स्मरणाचा आहे. ज्याने मित्राला सोडून कॉस्मियम धरले, त्याच्या नावावर ते पुढच्या सात दिवसांच्या मॅचमध्ये दिसले, आणि ज्याला सोडले त्याला सवाल टाकण्याचा हक्क मिळाला, तर काय होईल? तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही. ‘अल्टिमा’ने लाल नाव दाखवले होते. अवघड आहे ते सवालाचे शब्द लिहिणे. त्यासाठी पुण्यातल्या त्या खोलीत नेपथ्यकाराशेजारी एका भेदिक शाहिराची खुर्ची लागेल.