दोन भावांमधली पर्ल

आपल्या सातारा-सांगलीकडे भावाभावांचे वैर बांधावरून पेटते, विहिरीच्या पाळीवरून पेटते. एकाच मुलीवरून सख्खे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठावेत, ही गोष्ट ‘ड्युएल इन द सन’ या १९४६ च्या अमेरिकन चित्रपटाने सांगितली. दिग्दर्शक किंग व्हिडॉर, निर्माते डेव्हिड सेल्झनिक. आपल्या वाचकांना त्यातील नायिका वेगळ्या कारणाने परिचित असेल. ‘द साँग ऑफ बर्नादेत’मध्ये (१९४३) लूर्दच्या संत बर्नादेतची भूमिका करून ऑस्कर मिळविणारी जेनिफर जोन्स येथे पर्ल चावेझ झाली आहे. लॉस एंजेलिसचे आर्चबिशप कँटवेल यांनी १९४७ च्या आरंभी कॅथलिकांना या चित्रपटापासून सावध केले. पुढे काही दृश्ये कापली गेली.

आक्षेप कामुकतेला होता आणि तो निराधार नव्हता. सेल्झनिक यांना संयम ठाऊकच नव्हता. आकाशसुद्धा ते लालभडक करून सोडतात. तरीही कात्री भलत्या जागी चालली, असे मला वाटते.

पर्लची आई मूळची अमेरिकन आदिवासी. पोरकी झालेली पर्ल टेक्ससमधील मॅककॅनल्स कुटुंबाच्या आश्रयास येते. सिनेटर असलेला घरधनी तिच्या रक्तावरून तिला टोचून बोलतो. त्याचा उनाड मुलगा ल्यूट (ग्रेगरी पेक) तिच्यावर बळजबरी करतो, पण लग्नाला उभा राहत नाही. मोठ्या वाड्यात अशी मुलगी सून म्हणून का चालत नाही, हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा भाऊ जेसी (जोसेफ कॉटन) वकील, सुशील. ल्यूटचा प्रकार कळताच तो पर्लला सांगतो, माझे तुझ्यावर प्रेम होते; आणि निघून जातो. चित्रपट त्याला सज्जन ठरवितो. मला हेच दृश्य सर्वांत क्रूर वाटले. योहानच्या शुभवर्तमानात (अध्याय ८) त्या स्त्रीवर आरोप करणारे एकेक करून निघून जातात, प्रभू मात्र तिच्यापाशी राहतो. जेसी दगड उचलत नाही, पण थांबतही नाही.

येथे अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) आठवतो. त्याची गीते माडगुळ्याच्या ग. दि. माडगूळकरांची. भावांचे वैर त्यात नाही. पाटील आणि त्याचा अत्याचार मात्र आहे. पण तेथे पीडितेची मुलगी तमाशाच्या बोर्डावर उभी राहून सारे काही गावासमोर मांडते. पर्लला असा बोर्ड मिळत नाही, ऐकणारे गावही नाही.

ल्यूट निःशस्त्र जेसीवर गोळी झाडतो. मग जखमी जेसी आणि त्याची वाग्दत्त वधू पर्लला आपल्या घरी राहायला बोलावतात, हे नमूद केले पाहिजे. पण ल्यूट पुन्हा त्याला मारील, हे पर्लला ठाऊक असते. ती बंदूक घेऊन एकटी डोंगराकडे निघते, ज्याने तिला सोडले त्याच जेसीसाठी.