दाराच्या मापाचं तोरण

मावळातल्या आमच्या जुन्या घराच्या दाराची चौकट सागवानी आहे, बाहेरून मोजली तर साडेचार फूट रुंद. वरच्या आडव्या पट्टीवर मधोमध चार बोटं उंचीचा गणपती कोरलेला. दसऱ्याच्या सकाळी आत्या या दारावर तोरण बांधते. लहानपणी मी तिच्या हाताखाली नुसती फुलं पुरवायचे. त्या तोरणात किती विचार आहे, हे मला फार उशिरा कळलं.

सुरुवात दोरीपासून होते. आत्या सुतळी दारावरच धरून मापते. दोन्ही खिळ्यांपर्यंत ताणते आणि मग फक्त दोन बोटं जास्त सोडते. एवढ्याशा जास्तीच्या दोरीने मध्ये चांगला पाच इंचांचा झोळ येतो, आणि दोरी बरोबर गणपतीच्या पायांखालून जाते. वरून पट्टीची सरळ रेघ, खालून दोरीचा बाक आणि या दोहोंच्या मध्ये गणपती मोकळा. बाजारात तयार मिळणाऱ्या तोरणाला हे जमत नाही. ते कोणत्याही दारासाठी केलेलं असतं, त्यामुळे आमच्या दारावर आडवं ताणलं की गणपतीचं तोंडच झाकतं.

मग पानं. आत्या आंब्याची अकरा पानं घेते. विषम संख्या शुभ, असं ती सांगते. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: विषम संख्येमुळे बरोबर मधोमध, गणपतीच्या खाली, एक पान येतं. पान निवडण्यात तिचा जास्त वेळ जातो. तांबूस कोवळं पान दुपारपर्यंत मान टाकतं. फार जून पान दुमडताना मधल्या शिरेवर कडकन मोडतं. तिला हवं असतं ते गर्द हिरवं, पण बोटाखाली थोडं लवणारं. पान देठाकडून सुतळीवर मागे दुमडायचं आणि देठाचं टोक त्याच पानातून आरपार काढायचं. दोरा नाही, सुई नाही, पान स्वतःच स्वतःला टाचतं. देठ टोचला की कैरीसारखा वास सुटतो आणि बोटांना चीक लागतो. एकदा मी घाईत दोन पानं पुढच्या बाजूने दुमडली, तर तोरण उभं राहिल्यावर त्यांची फिकी पाठ लांबूनही दिसत होती. "अगं, पानाची पाठ घराकडे, तोंड येणाऱ्याकडे," असं म्हणून आत्याने ती दोन्ही काढून पुन्हा लावली.

या तोरणातली सगळ्यात देखणी गोष्ट मात्र पटकन लक्षात येत नाही. मधली तीन पानं बाकीच्यांपेक्षा बोटभर आखूड असतात. आमचं दार ठेंगणं आणि भाऊ सहा फुटी, म्हणून आत्याने ही युक्ती काढली. पण त्यामुळे काय झालं पाहा: वरची कड दोरीच्या झोळाने बाक घेते, आणि खालची कड, पानांच्या टोकांची, मधल्या भागात जवळजवळ सरळ राहते. एकाच तोरणाला दोन वेगवेगळ्या रेघा. भावाच्या डोक्यासाठी केलेल्या सोयीतून ही घडण आली, आणि म्हणूनच मला ती कुठल्याही नक्षीहून मोलाची वाटते. दारावर नाव लिहिलेलं नाही, तरी हे तोरण दुसऱ्या कोणाच्या घरचं असूच शकत नाही.

दोन पानांत एक झेंडू, असे दहा. सुई पाकळ्यांतून न घालता खालच्या हिरव्या बोंडातून घालायची, म्हणजे फूल विस्कटत नाही. पान आणि फूल यांच्यात अर्ध्या बोटाची मोकळी जागा राहते. ती जागा मला फार महत्त्वाची वाटते. हल्लीच्या तोरणांत झेंडू इतके खचून भरतात, की पानाची लहरती कड दिसतच नाही, नुसता केशरी दोर दिसतो. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे रुजलेला. तिकडेही नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या सणासाठी याच फुलांच्या कमानी उभारतात. इतक्या लांबून आलेलं फूल आपल्या दसऱ्याला असं चिकटलं की त्याच्याशिवाय सण सुना वाटावा. तरीही माझ्या मते तोरण पानांचंच. आंब्याचा डहाळा दाराला लागला की ते झालं, झेंडू नसला तरी अडत नाही.

शेवटी भाताची लोंबी. मधल्या पानामागे आत्या शेतातल्या इंद्रायणी भाताची एक लोंबी अडकवते. दसऱ्याला भात पुरता पिकलेला नसतो. लोंबी हिरवटपिवळी, निम्मी भरलेली, त्यामुळे टोकाशी थोडीच वाकलेली असते. अकरा पानं सरळ खाली लोंबत असताना ही एकच गोष्ट तिरकी झुलते आणि सगळ्या तोरणाला हलतं करते. कोकणात आश्विनात भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, झेंडू अशी जुडी आंब्याच्या पानात बांधून दाराला 'नवं' लावतात, त्याच जातीची ही रीत. लोंबी भावाच्या डोक्याला लागेल म्हणून मी एकदा ती वर खोचायला गेले. आत्या म्हणाली, "लागू दे. नवं धान्य डोक्याला लागलं तर बरंच आहे."

दसऱ्यानंतर तोरण कोणी उतरवत नाही. झेंडू आधी काळपटतो. पानं मात्र आकार सोडत नाहीत. हिरवी, मग शेवाळी, मग खाकी होत दिवाळीपर्यंत तशीच लटकतात, आणि वाऱ्याने आता त्यांचा कोरडा आवाज येतो. लोंबीचे दाणे तोवर चिमण्यांनी टिपलेले असतात. प्लॅस्टिकच्या तोरणात यातलं काहीच घडत नाही. ते दसऱ्याला जसं, तसंच शिमग्याला, फक्त धुळीने मळलेलं.

एखाद्या कामाचा आरंभ झाला की आपण तोरण बांधलं म्हणतो. बांधलं म्हणतो, लावलं नाही. तेव्हा यंदा दसऱ्याला मंडईतून पानं आणा, झेंडू आणा, शेतकऱ्याकडून मिळाली तर लोंबी आणा, पण तयार तोरण आणू नका. आधी सुतळी आपल्या दारावर धरा, आणि घरातल्या सगळ्यात उंच माणसाला दाराखाली उभं करा.