वर्ध्याचे भामटे आणि जन्मजात गुन्हेगारीचा प्रवाद

एखाद्या पोथीच्या चार प्रतींत एकच अशुद्ध पाठ आढळला, तर त्यास चार साक्षी मिळाले असें कोणीहि संशोधक मानीत नाहीं. एक प्रत दुसरीवरून उतरली असेल तर साक्षी एकच. हा नियम छापील सरकारी ग्रंथांस लावावयास मात्र आपण कचरतों. रसेल व रायबहादुर हिरालाल यांचा मध्यप्रांतांतील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ (१९१६) विदर्भाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे व त्याची उपयुक्तता आम्हांस मान्य आहे. परंतु वर्धा जिल्ह्याविषयीं लिहितांना त्याच्या दुसऱ्या खंडांतील ‘भामटा’ हा लेख जसाच्या तसा उतरून घेण्याचा मोह होतो, म्हणून त्याची परीक्षा करणें अवश्य वाटतें.

या लेखाप्रमाणें मध्यप्रांतांत भामटे सुमारें ४,००० होते आणि ते बहुतेक सर्व वर्धा, नागपूर व चांदा या जिल्ह्यांत राहत. ही जात वंशपरंपरेनें चोरी करणारी, असा लेखाचा सूर आहे. ही समजूत आली कोठून? मुंबई इलाखा, वऱ्हाड व मध्यप्रांत यांतील गुन्हेगार जमातींवरील गंथॉर्प यांचें टिपण १८८२ चें. मुंबई इलाख्यांतील गुन्हेगार वर्गांवरील केनेडी यांचें पुस्तक १९०८ चें. दोघेहि पोलिसखात्याचे अधिकारी. आणि रसेल यांच्या ग्रंथांत अशा जातींच्या लेखांस या दोघांचा आधार वारंवार घेतलेला आहे. पोलिस अधिकाऱ्यापुढें येतो तो पकडलेला मनुष्य. त्याचा शेतांत राबणारा भाऊ दप्तरांत येत नाहीं. रसेल यांच्या लेखांत हा भाऊ ओझरता कां होईना, पण दिसतो: पुष्कळ भामट्यांनीं चोरी सोडून तागाची लागवड व गोणपाटाचा धंदा धरला, असें ते स्वतःच लिहितात. मग लेखाचें नांव व सूर चोरीचाच कां राहिला, हा प्रश्न वाचकानें विचारावा.

आतां ‘जन्मजात’ या विशेषणाकडे वळूं. गुन्हेगारी ही शरीरांतच असते हें मत युरोपांत लाँब्रोझो या इटालियन वैद्यानें प्रसिद्धीस आणलें. एका कॅलाब्रियन दरोडेखोराच्या कवटीच्या मागील बाजूस त्यास एक खळगा दिसला, व तेवढ्यावरून आदिमानवाकडे परतलेला मनुष्य म्हणजे गुन्हेगार, असा सिद्धांत त्यानें उभारला. त्याचा ग्रंथ १८७६ चा. आपल्याकडील गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा, म्हणजे पांच वर्षें आधींचा! तेव्हां त्या कायद्याच्या मुळाशीं हें शास्त्र नव्हतें. विणकराचा मुलगा विणकर व सुताराचा सुतार, तसा चोराचा चोर, एवढीच ती उपपत्ति. जातीच्या धंद्यावरील हा तर्क पुढें रक्ताच्या भाषेंत बोलूं लागला. इकडे गोरिंग यानें सुमारें ३,००० इंग्रज कैद्यांचीं मापें घेऊन, गुन्हेगाराचा निराळा शारीरिक नमुना आढळत नाहीं, असें १९१३ सालीं दाखविलें. (आनुवंशिकतेवरील त्याचा विश्वास मात्र सुटला नव्हता, हेंहि सांगितलें पाहिजे.) रसेल यांचा ग्रंथ याच्या तीन वर्षें नंतरचा आहे.

परंतु परदेशीय मापांची येथें गरजच नाहीं. या नोंदींतच पुरेसा पुरावा आहे. पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत (१८८५) उचले अथवा भामटे यांचें वर्णन आहे. इतर जातींच्या लोकांस विधि करून जातींत घेतात, आणि सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच चोरी करावी असा जातिनियम आहे, असें त्या वर्णनाचें सार आहे. विधीनें लाभणारें तें रक्त कसलें? आणि सूर्य मावळतांच थांबणारी प्रवृत्ति उपजत म्हणावयाची कीं शिकविलेली? आगगाडींतील चोरीविषयीं तर बोलावयासच नको. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत बाकाखालीं पडून गाठोडीं कापणें हें भामट्यांचें विशेष कसब म्हणून वर्णिलेलें आहे. पण लोहमार्ग मुंबईस १८५३ सालीं सुरू झाला व नागपूरास १८६७ सालीं पोंचला. वर्ध्याची आगगाडी पाहिलेल्या पहिल्या पिढीचे लोक हयात असतांनाच हें कसब ‘पूर्वापार’ ठरलें.

कायदा करणाऱ्यांचाहि रक्तावर पुरता विश्वास नव्हता. १८९७ च्या दुरुस्तीनें चार ते अठरा वर्षांच्या मुलांस आईबापांपासून वेगळें करून सुधारगृहांत ठेवण्याची सोय केली. दोष रक्तांत असता तर या निष्ठुर उपायाचा उपयोग काय होता?

आम्ही चोऱ्या झाल्याच नाहींत असें म्हणत नाहीं. लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ (१९८७) हें आत्मकथन याच समाजांतून आलेलें आहे आणि तें कांहीं झांकीत नाहीं. तेथें भूक आहे, पोलिसांचा मार आहे व लहान मुलांस दिलेलें शिक्षण आहे. पोलिसांच्या टिपणावरून न उतरलेली अशी ही साक्ष असल्यामुळें आम्ही तिचें वजन अधिक मानतों. अलीकडील जीवशास्त्रानेंहि प्रश्न सोडलेला नाहीं. १९९३ सालीं एका डच कुटुंबांतील कांहीं पुरुषांच्या आक्रमक वर्तनाचा संबंध मोनोअमाइन ऑक्सिडेज या द्रव्याच्या अभावाशीं जोडला गेला. २००२ सालीं न्यूझीलंडमधील अभ्यासांत त्याच जनुकाचा परिणाम बालपणीं झालेल्या छळाशीं निगडित दिसला. हें एका कुटुंबाचें व व्यक्तींचें बोलणें झालें. संपूर्ण जातीस चोर ठरविणारें जनुक कोणास सांपडलेलें नाहीं.

संग्राहकांस आमची एक विनंति आहे. मोडी कागदांत ‘भामटा’ शब्द आल्यास तो जातिवाचक आहे कीं ठक या अर्थीं आहे, हें संदर्भावरून ठरवावें. संशय असल्यास तसें टीपेंत नोंदवावें. ‘जातीचा’ हा शब्द पदरचा घालूं नये, व सूचींत ‘गुन्हेगार जाती’ असें सदर करूं नये. हा केवळ शब्दशुद्धीचा प्रश्न नाहीं. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला; महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादींत भामटा व राजपूत भामटा हीं नांवें आहेत; तरीहि तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतून जुनी वर्गवारी इतकी टिकून राहिली कीं ती काढण्यास सर्वोच्च न्यायालयास ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं निकाल द्यावा लागला. त्या पुस्तिकाहि एकीवरून दुसरी अशाच उतरल्या होत्या.