काचेमागची ओळख

पुण्याच्या सदाशिव पेठेला ज्यांचे नाव आहे, त्या सदाशिवरावभाऊंची ओळखच एके काळी वादात सापडली होती. १७६१ मध्ये ते पानिपतावर पडले. पुढे ‘मीच भाऊ’ म्हणणारा तोतया उभा राहिला व १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. माणूस ओळखावा तो कशावरून? पेठेलगतच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील काचचित्रांपुढे हाच प्रश्न आम्हांस पुन्हा पडला.

ही कला अठराव्या शतकात चीनशी चाललेल्या व्यापाराबरोबर आपल्या किनाऱ्यावर आली. तिची रीत उलटी आहे. चित्रकार काचेच्या मागील बाजूने रंगवतो, आपण पुढून पाहतो. म्हणून कागदावर जे शेवटी करावयाचे, ते येथे आरंभीच करावे लागते. प्रथम डोळ्यांच्या रेषा, नथ, मोती, पागोट्याची किनार येते. मागाहून चेहऱ्याचा रंग आणि अखेरीस पार्श्वभूमी. मागचा थर एकदा चढला, की पहिल्या रेषेची दुरुस्ती होत नाही.

या चित्रप्रकाराची उणीव उघड आहे. चेहरे बहुधा साच्यातले असतात. नथ व पागोटे झाकले, तर एक स्त्री दुसरीहून वा एक सरदार दुसऱ्याहून निराळा करणे कठीण. चित्रकार स्वतः तर बहुतेक निनावीच राहिला. चित्र काढवून घेणाऱ्यास मुद्रेपेक्षा मानाची खूण अधिक प्रिय असावी, असे आम्हांस वाटते.

तरीही ही चित्रे आम्ही थोर मानतो, ती काचेच्या एका गुणामुळे. चर्चच्या रंगीत खिडकीतून प्रकाश आरपार येतो आणि पाहणारा स्वतःला विसरतो. येथे प्रकाश काचेवरून माघारी फिरतो आणि सरदाराच्या गालावर आपलाच चेहरा दिसू लागतो.

मग प्रश्न आपल्यावरच येतो. वसईकडील आपल्या आज्या लाल लुगड्यावरून ओळखल्या जात. आज लोक आपल्याला नावावरून, गळ्यातील क्रुसावरून ओळखतात. या खुणा टाकून द्याव्यात, असे आम्ही म्हणणार नाही. काचेवर त्याच आधी उमटतात व त्यांवाचून चित्र उभे राहत नाही. मात्र त्यांच्यामागे चेहऱ्याचा रंग ज्याचा त्यानेच भरावयाचा असतो. तो न भरल्यास नथ तेवढी उरते, नथ ल्यालेली बाई दिसत नाही.